एसीचा गॅस दोनदा भरला, तक्रार मात्र एकदाही नाही

जालन्याच्या एका वाचकांनी जुलै २०२२ मध्ये ८ लाख ४० हजारांची गाडी घेतली. वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर. १८ एप्रिल २०२४ ला एसी गार हवा देईना म्हणून त्यांनी गाडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गॅस भरून बिल लावले. ६ जूनला पुन्हा तेच. मार्च २०२५ मध्ये त्याच वर्कशॉपने सांगितले, कूलिंग कॉइल (एसीतला हवा गार करणारा भाग) लीक आहे, वॉरंटी संपली, २६ हजार लागतील. तेव्हापासून ईमेल चालू आहेत. अशी पत्रे दर उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी ईमेल थांबवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. मार्च २०२५ च्या नकारापासून मुदत मोजा, असे आपण म्हणू शकतो आणि ग्राहक आयोग ते मान्यही करील कदाचित. पण समोरचा वकील पहिल्या जॉब कार्डावर, म्हणजे गाडी कामाला घेताना वर्कशॉपने केलेल्या नोंदीवर, बोट ठेवेल. तिथून मोजले तर मुदत १८ एप्रिल २०२६ ला संपते, आणि तो शनिवार आहे. तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे उरले आहेत. ३१ मार्चच्या आत दाखल करा, म्हणजे हा वादच उरणार नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण सहसा टिकत नाही. वर्षभर तुम्ही नेमके तेच केलेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

आता तुमची खरी ताकद. पुस्तिकेत गॅस, बल्ब, वायपर ब्लेड वॉरंटीबाहेर असतात. डीलर त्यावरच बोट ठेवणार. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद यंत्रणेत तोच गॅस फिरत राहतो आणि धड यंत्रणेत वर्षानुवर्षे टिकतो. भरलेला गॅस सात आठवड्यांत गेला, म्हणजे गळती वॉरंटीच्या काळातच होती. ती न शोधता पुन्हा गॅस भरणे ही सेवेतील त्रुटी आहे. तक्रारीचा सगळा भार या दोन तारखांवर ठेवा.

त्यासाठी दोन्ही जॉब कार्डे लागतील. जूनचे तुमच्याकडे नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो आहे. गाडी परत घेताना कार्डावर काय लिहिले ते वाचायचे असते! ‘कूलिंग नाही’ हे ग्राहकाचे म्हणणे असते, ‘गॅस टॉप-अप’ हे वर्कशॉपचे. पहिले लिहिलेच नसेल, तर तुम्ही स्वखुशीने गॅस भरून घेतला असे ते म्हणतील. गाडीची सर्व्हिस हिस्ट्री आजच लेखी मागा.

दुसरा धोका गळतीच्या जागेचा. बंपरमागच्या कंडेन्सरला (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) दगड लागून गळती झाली असेल, तर कंपनी अपघाती नुकसान म्हणून हात वर करील. कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे दगड पोहोचत नाही. म्हणून तपासणीच्या अहवालात ‘लीक आहे’ एवढे पुरत नाही, जागा लिहून घ्या. यंत्रणेत नायट्रोजन भरून गेजचा काटा उतरतो का ते पाहतात. गॅसमध्ये चमकणारा रंग (डाय) टाकून नंतर यूव्ही टॉर्चखाली पाइपचे जोड, कंडेन्सर आणि एसीचे पाणी टपकते ती नळी तपासतात. नळीच्या तोंडाशी हिरवट-पिवळी चमक दिसली, तर संशय कॉइलवर पक्का होतो. कंडेन्सरचा पंखा आणि कॉम्प्रेसर चालू असल्याचीही नोंद करून घ्या, नाहीतर गार हवा न येण्याचे खापर त्यांच्यावर फुटेल.

कॉइल आत्ता बदलू नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग कलम ३८ खाली ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर काय पाठवणार? उन्हाळ्यात थांबणे शक्य नसेल, तर डीलर आणि कंपनीला तारीख कळवून त्यांच्यासमोर काढा, व्हिडिओ घ्या आणि जुनी कॉइल सीलबंद ठेवा. बाजारातले लीक-स्टॉप, म्हणजे गळती बुजवणारे रसायन, यंत्रणेत टाकू देऊ नका.

नवी गाडी मागू नका. सुटा भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी मिळत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे. कॉइल बदलण्याचा खर्च, दोन्ही बिले, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा.

डीलर छत्रपती संभाजीनगरचा असला तरी तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगात चालते, कारण तुम्ही तिथे राहता. तुमच्या गाडीच्या किमतीला शुल्क २०० रुपये. वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि ग्राहक थकतो, हे संतापजनक आहे. सामनेवाल्याला लेखी म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४६ व्या दिवशी त्यांनी मुदत मागितली, तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल दाखवून हरकत घ्या.