कच्चं लिखाण, पक्कं लिखाण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुलांच्या लेखनाबद्दल मुंबईच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. दुसरीपासून पदवीपर्यंतचे प्रश्न असले तरी अडचण बहुतेक ठिकाणी एकच आहे. मूल एकदा लिहितं, मोठी माणसं त्यावर लाल पेन फिरवतात आणि वही मिटते. त्यानंतर पुन्हा लिहून घेणं, म्हणजे जिथं खरं शिकणं होतं ती पायरीच गाळली जाते.

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे. अक्षर सुंदर, तोंडानं अखंड बडबड. पण ‘पाऊस’ विषयावर लिही म्हटलं की दोन ओळींत थांबते. रोज एक पान शुद्धलेखन करून घेतेच. आणखी काय करू? – एक आई, परळ

उत्तर: पुस्तकात पाहून पान उतरवणं हा हाताचा सराव झाला. त्यात तिला स्वतःचं काही सांगावं लागत नाही. अक्षराचा आकार आठवणं, काना-मात्रा लावणं आणि पुढचं वाक्य डोक्यात धरून ठेवणं ही तिन्ही कामं या वयात एकदम झेपत नाहीत. हात अडतो आणि तेवढ्यात वाक्य निसटतं. म्हणून काही दिवस काम वाटून घ्या. तिनं सांगायचं, तुम्ही लिहायचं. तिच्याच शब्दांत, सुधारणा न करता. चार-पाच वाक्यं पुरेत. मग तिनं ती बोट ठेवून वाचायची. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक वाक्य तिनं लिहायचं आणि पुढचं एक मनानं जोडायचं. हळूहळू तुमची वाक्यं कमी करा, तिची वाढू द्या. दहा मिनिटांच्या वर बसवू नका.

‘पाऊस आला. मजा आली.’ इथं ती थांबली तर ‘अजून लिही’ म्हणू नका, त्यातून तिला काहीच कळत नाही. विचारा, तेव्हा तू कुठं होतीस? खिडकीतून काय दिसलं? ‘समोरच्या काकूंचे दोरीवरचे कपडे भिजले’ असं उत्तर आलं की म्हणा, हेच लिही. एका वेळी एकच प्रश्न.

पहिल्या वेलांटीकडे थोडं लक्ष द्या. ‘दि’ म्हणताना आधी द ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटीचा दांडा द च्या आधी येतो. आवाजाच्या क्रमानं लिहिणारं मूल आधी द काढतं, वेलांटीला जागा उरत नाही आणि ती शेजारच्या अक्षरावर चढते. तो निष्काळजीपणा नव्हे. पेन्सिल टेकण्याआधी तिला ‘दि’ असा पुरा आवाज तोंडानं काढायला सांगा. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एका ओढीत द्यायची.

प्रश्न: मी महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात ४८ मुलं. निम्म्यांच्या घरी हिंदी, भोजपुरी किंवा उर्दू. निबंध तपासता तपासता रविवार जातो आणि पुढच्या निबंधात चुका त्याच. व्याकरणाचे तास वाढवू का? – एक शिक्षिका, गोवंडी

उत्तर: व्याकरणाचे वेगळे तास वाढवू नका. २००७ साली अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या लेखनप्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. आखणी आणि पुनर्लेखन पायरीपायरीनं शिकवणं, सारांश लिहून घेणं, मुलांनी एकमेकांच्या मदतीनं लिहिणं, छोटी वाक्यं जोडण्याचा सराव या सगळ्यांचा लेखनाला फायदा झालेला दिसला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा झाला नाही.

आधी तुमचा रविवार सोडवू. एका वहीला पाच मिनिटं धरली तर ४८ वह्यांचे चार तास होतात, आणि एवढे कष्ट करून मुलाच्या हाती पडतात ते वीस लाल गोल. त्यातला कुठला आधी सोडवायचा हे त्याला कळत नाही, म्हणून तो एकही सोडवत नाही. त्याऐवजी एक विषय आठवडाभर चालवा. सोमवारी फक्त बोलणं. मंगळवारी कच्चं लिखाण, आठ-दहा वाक्यं, खोडरबराशिवाय, एक ओळ सोडून एक. बुधवारी बाकावरच्या जोडीदाराचं लिखाण मोठ्यानं वाचायचं. जे डोळ्यांसमोर उभं राहिलं त्या वाक्याखाली रेघ आणि जे कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. जोडीदारानं शुद्धलेखन तपासायचं नाही. रेघ मारणं सक्तीचं ठेवा, नाहीतर सगळ्या जोड्या ‘छान आहे’ म्हणून मोकळ्या होतात. गुरुवारी एकच नियम, पंधरा मिनिटं, मुलांच्याच वह्यांतली वाक्यं फळ्यावर घेऊन. शुक्रवारी पक्कं लिखाण.

तुम्ही मंगळवार ते शुक्रवार रोज १२ वह्या पाहा, प्रत्येकी दोन मिनिटं. चोवीस मिनिटांत काम होतं आणि आठवड्यात प्रत्येक वही एकदा हाताखालून जाते. प्रत्येक वहीत एक प्रश्न लिहा आणि त्या आठवड्याच्या नियमाचीच चूक दाखवा. बाकीच्या चुका दिसत असूनही सोडणं जड जातं, पण सोडा.

नियम कुठला घ्यायचा? तुमच्या वर्गाला सगळ्यात आधी सामान्यरूप लागेल. हिंदीत ‘पानी का’, ‘घर में’ म्हणताना शब्द तसाच राहतो. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो: पाणी–पाण्याचा, घर–घरामध्ये, शाळा–शाळेत. म्हणून ‘पाणीचा’, ‘घरमध्ये’, ‘शाळामध्ये’ लिहिणारं मूल दुसऱ्या भाषेचा नियम चोख पाळत असतं. दोन्ही भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की फरक मुलंच सांगतात.

पक्क्या लिखाणात काय बदलायला हवं ते एका उदाहरणावरून पाहा. मंगळवारी वहीत येतं: ‘आमच्या गल्लीत पाणीचा टँकर येतो. लाईन लागते. भांडण होते.’ तुमचा एकच प्रश्न: भांडण कशावरून होतं? शुक्रवारी येऊ शकतं: ‘आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो. तो यायच्या आधीच हंडे लाईनीत असतात. कोणीतरी आपला हंडा पुढे सरकवतो आणि भांडण होते.’ वाक्यं वाढली, कारण विचारलं होतं काहीतरी नेमकं. मात्र सूचना दिली नाही तर शुक्रवारी मुलं तेच सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. म्हणून अट घाला: दोन वाक्यं नवी हवीत, एक खोडलेलं हवं.

जमलं तर शनिवारी वाक्यं जोडण्याचा खेळ घ्या. ‘पाऊस वाढला. लोकल थांबली. लोक रुळांवरून चालू लागले.’ या तिन्हींचं एक वाक्य किती तऱ्हांनी होतं? ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘थांबल्यामुळे’ हे शब्द असे वापरूनच हातात बसतात.

प्रश्न: मी दहावीत आहे. क्लासमध्ये तयार निबंध देतात. पाठ केले तर चालेल का? – एक विद्यार्थी, कांदिवली

उत्तर: साचा पाठ कर, मजकूर नको. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, निबंध वगैरेंना, २४ गुण आहेत. पत्रात मायना, विषय, दिनांक यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्या घोटूनच घ्यायच्या. निबंधाचं तसं नाही. शेकडो उत्तरपत्रिकांत ‘अरे, दचकलास ना? मी झाड बोलतोय’ वाचलेल्या परीक्षकाला तुझं झाड वेगळं कसं दिसणार? पहिली चार मिनिटं आखणीला दे. झाड कुठलं, ते कुठं उभं आहे, त्याला रोज काय दिसतं, त्याच्या आयुष्यात काय बदललं, असे चार शब्द मार्जिनजवळ पेन्सिलीनं लिही. स्टेशनबाहेरच्या, बुंध्याभोवती सिमेंट ओतलेल्या पिंपळाला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. शेवटची तीन मिनिटं वाचायला ठेव आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार तेवढे बघ. मराठीत ते दीर्घ असतात: पाणी, कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे अपवाद. दुसरी नजर ‘गरीब–गरिबाला’, ‘फूल–फुलाला’ अशा जोड्यांवर. प्रत्यय लागला की मूळ शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ इकार-उकार बहुतेकदा ऱ्हस्व होतो. मराठी शुद्धलेखनाचे नियम १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. पण परीक्षेच्या घाईत हे दोन हाताशी असले तरी बऱ्याच चुका टळतील.

प्रश्न: पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मराठीचे प्रकल्प घेतो. वीस पानं येतात, पण मजकूर इंटरनेटवरचा, नाहीतर चॅटबॉटनं लिहून दिलेला. कसं रोखायचं? – एक प्राध्यापक, दक्षिण मुंबई

उत्तर: प्रकल्प जूनमध्ये सांगून सप्टेंबरमध्ये थेट गोळा केला तर नक्कल करणं सोपं आणि स्वतः लिहिणं अवघड होतं. मधले टप्पे मागा आणि गुण त्या टप्प्यांना द्या. २० गुण असतील तर विषय आणि तीन प्रश्नांना ४, हातानं काढलेल्या टिपणांना ४, कच्च्या लिखाणाला ५, पक्क्या लिखाणाला ५, तोंडी प्रश्नांना २. पक्क्या लिखाणासोबत अर्धं पान वेगळं मागा: काय बदललं आणि का. ज्यानं स्वतः लिहिलेलं नाही त्याला हे अर्धं पान अवघड जातं.

विषयही बदला. ‘ग्रामीण साहित्य: स्वरूप’ यावर तयार मजकूर हवा तेवढा मिळतो. दादरच्या फुलबाजारात पहाटे तासभर उभं राहून विक्रेते माल आणि भाव यांसाठी कुठले शब्द वापरतात ते टिपून आणा, असं सांगितलं तर मजकूर विद्यार्थ्यालाच आणावा लागतो. अशा टिपणात तारीख, वेळ आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं हवं.

सारांश वर्गात लिहून घ्या. दोन पानांचा लेख वीस मिनिटं वाचायचा, मग लेख बंद आणि शंभर शब्दांत म्हणणं मांडायचं. लेख उघडा ठेवला की मुलं वाक्यं उचलून शब्द तेवढे बदलतात. त्यांना तो सारांशच वाटतो, कारण दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडणं त्यांच्याकडून कुणी करून घेतलेलंच नसतं. शिक्षा ठरवण्याआधी हे शिकवलं आहे का, ते बघा. संशोधन प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत असलेल्या साम्याला दंड करत नाहीत, पण तो आकडा दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर ठेवू नका. ती मग दहा टक्क्यांच्या आत बसवण्याच्या मागे लागतात.

कच्चं लिखाण परत देण्याची तारीख वेळापत्रकात आधीच छापा आणि शेवटच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी ठेवा. जेमतेम पाच दिवस आधी हाती आलेल्या शेऱ्यावर कुणी प्रकरण नव्यानं लिहीत नाही. फार तर मुखपृष्ठ बदलतं.