वाचकांचे प्रश्न : लाँग-आर्म किट निवडताना

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची जीप रँग्लर टीजे आहे. तिला आखूड आर्मचे (आर्म म्हणजे ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) चार इंची लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे किट, बसवून दोन वर्षे झाली. दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी चालते. पण लहानशा खड्ड्यातही पुढचा भाग धाडकन आदळतो आणि उभ्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग उड्या मारू लागतो. आता लाँग-आर्म किट घ्यायचे ठरवले आहे. एका किटमध्ये पुढे रेडियस आर्म आहेत. दुसऱ्यात पुढे थ्री-लिंक आणि मागे त्रिकोणी मांडणीची फोर-लिंक आहे. उंची दोन्हींची सारखीच आहे. कोणते घ्यावे?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे आर्मचा कोन. १९९७ ते २००६ या काळातल्या टीजेला पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग असतात. ॲक्सलला पुढे-मागे जागेवर धरून ठेवण्याचे काम प्रत्येक ॲक्सलवरचे चार कंट्रोल आर्म करतात, तर आडव्या दिशेने धरण्याचे काम ट्रॅक बार करतो. कंपनीचे खालचे आर्म साधारण ४० सेंटीमीटरचे असतात आणि मूळ उंचीवर ते जवळजवळ आडवे राहतात. स्प्रिंग उंच केल्या की चासी वर जाते, ॲक्सल मात्र टायरबरोबर जमिनीलगतच राहतो, आणि त्या दोघांना जोडणारा आर्म उतरत्या शिडीसारखा तिरपा होतो.

हिशेब सोपा आहे, तो एकदा कागदावर करून पाहावा. आडव्या असलेल्या ४० सेंटीमीटरच्या आर्मचे एक टोक १० सेंटीमीटर खाली गेले, तर आर्म साडेचौदा अंशांनी झुकतो आणि ॲक्सल सुमारे सव्वा सेंटीमीटर चासीच्या जोडाकडे ओढला जातो. चाक तिथून आणखी १० सेंटीमीटर खाली लोंबले की कोन थेट ३० अंशांवर जातो आणि ॲक्सल आणखी ४ सेंटीमीटर सरकतो. हाच आर्म ८० सेंटीमीटरचा असता, तर गाडी उभी असतानाचा कोन सुमारे ७ अंश आणि चाक पूर्ण लोंबल्यावरचा साडेचौदा अंश भरला असता, आणि त्या दुसऱ्या टप्प्यात ॲक्सल २ सेंटीमीटरही सरकला नसता. म्हणजे लांब आर्म असलेल्या गाडीचे चाक पूर्ण लोंबते तेव्हा तिच्या आर्मचा जो कोन असतो, तोच कोन आपल्या गाडीत ती सपाट जागी उभी असतानाच आलेला आहे.

पुढचे धाडकन आदळणे यातूनच येते. पुढचा आर्म चासीपासून पुढे आणि खाली उतरतो. चाक दगडावर आदळते तेव्हा दगड त्याला वर आणि मागे ढकलत असतो. पण तिरप्या आर्मच्या टोकाला वर जाण्यासाठी आधी पुढे, म्हणजे दगडाच्याच दिशेने, सरकावे लागते. धक्का स्प्रिंगने गिळायच्या आत आर्ममधून सरळ चासीत शिरतो. अशा वेळी नरम स्प्रिंग किंवा महाग शॉक ॲब्सॉर्बर घेऊन उपयोग होत नाही, आणि पुष्कळ लोकांचा खर्च नेमका तिथेच वाया जातो. मागे उलट प्रकार घडतो. चाके जमिनीला मागे रेटतात तेव्हा ॲक्सल पुढे जाऊ पाहतो आणि तिरप्या आर्ममधून चासीला पुढे ढकलता ढकलता वरही उचलतो. गाडीचा मागचा भाग उठतो, टायरची पकड क्षणभर सुटते, भाग पुन्हा खाली बसतो आणि हेच चक्र सुरू राहते. त्या उड्यांचे हादरे मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या शाफ्टला आणि त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटना सोसावे लागतात, म्हणून ही तक्रार आपण अंगावर काढू नये.

आता दोन किटची तुलना. रेडियस आर्मच्या रचनेत प्रत्येक बाजूला चासीशी एकच जोड असतो. वरचा आर्म आखूड असून तो खालच्या लांब आर्मवरच, ॲक्सलच्या जवळ, बसवलेला असतो. त्यामुळे चासीवर ब्रॅकेट कमी लागतात, आणि इंजिन, ऑइल पॅन व एक्झॉस्टच्या दाटीत वरच्या आर्मसाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली होतात तेव्हा ही रचना उत्तम चालते, आणि हमरस्त्यावर गाडी स्थिर वाटते. अडचण येते ती एक चाक वर आणि दुसरे खाली गेल्यावर. डावा आर्म ॲक्सलची नळी एका दिशेने पिळू पाहतो आणि उजवा दुसऱ्या दिशेने. नळी पिळली जाणारी नसते, म्हणून तो सगळा ताण बुश, म्हणजे आर्मच्या टोकांच्या जोडांतली लवचिक नळकांडी, सोसतात. बुश जितका देतो तितकेच चाक लोंबते. कालांतराने बुश लवकर फाटतात, आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ तडे जाण्याचाही संभव असतो.

थ्री-लिंकमध्ये खाली दोन आर्म, वर एक आर्म आणि आडवा ट्रॅक बार असतो. वरचा आर्म एकटाच असल्याने ॲक्सलला पिळणारे कोणी उरत नाही. चाके हवी तितकी उलटसुलट जाऊ शकतात आणि बुश निवांत राहतात. मात्र ब्रेक दाबल्यावर किंवा जोर लावल्यावर ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, तेव्हा त्याला रोखण्यात वरून एकच आर्म उरतो. तो आर्म, त्याची दोन टोके आणि ॲक्सलवरचे त्याचे ब्रॅकेट यांत कसूर असेल तर ॲक्सल गर्रकन फिरून शाफ्ट तोडू शकतो. म्हणून किट पाहताना वरच्या आणि खालच्या जोडांमध्ये ॲक्सलपाशी किती उभे अंतर ठेवले आहे, ते स्वतः टेप लावून मोजावे. अंतर १५ ऐवजी २० सेंटीमीटर असेल तर तोच पीळ रोखताना वरच्या आर्मवर येणारा भार एक चतुर्थांशाने कमी होतो. जाहिरातीत हा आकडा क्वचितच दिसतो, माझ्या मते मात्र थ्री-लिंकच्या तुलनेत सर्वात आधी पाहण्याचा आकडा हाच आहे.

मागच्या त्रिकोणी फोर-लिंकमध्ये वरचे दोन आर्म तिरपे बसवून त्यांच्याकडूनच ॲक्सलला आडवे धरण्याचे काम करून घेतले जाते, त्यामुळे मागचा ट्रॅक बार निघून जातो. ट्रॅक बार असला की ॲक्सल वर-खाली होताना थोडा बाजूलाही सरकतो. या रचनेत तो सरळ चालतो. पुढे मात्र ट्रॅक बार काढण्याच्या फंदात पडू नये. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) आणि ट्रॅक बार शक्य तितके समांतर आणि सारख्या लांबीचे असले, तरच खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग आपोआप वळत नाही. एखाद्या किटमध्ये ट्रॅक बारचे ब्रॅकेट खाली घेतले असेल आणि ड्रॅग लिंक जागच्या जागी असेल, किंवा याच्या उलट असेल, तर ते किट अर्धवट विचाराचे समजावे.

आपला वापर खडकाळ वाटांचा आणि चढांचा आहे, म्हणून मी थ्री-लिंक आणि त्रिकोणी फोर-लिंकचे किट सुचवीन, पण वरच्या आर्मचे उभे अंतर मोजून पाहिल्यावरच. गाडी बहुतेक दिवस हमरस्त्यावर आणि मातीच्या रस्त्यावर धावत असती, तर रेडियस आर्मने आपले काम कमी कटकटीत झाले असते.

प्रश्न : आर्मच्या टोकांना काही किटमध्ये रबरी बुश असतात, काहींत पॉलियुरेथेनचे, तर काहींत गोळ्याचे जोड. यात इतका फरक पडतो का? आणि वाकवलेले आर्म सरळ आर्मपेक्षा चांगले का?

उत्तर : फरक पडतो, आणि तो रोजच्या चालवण्यात जाणवतो. रबर आवाज आणि थरथर गिळते, त्याला ग्रीस लागत नाही, पण ते फार पिळता येत नाही. पॉलियुरेथेन जास्त कडक असते. ते हळूहळू कुरकुरू लागते आणि पिळण्याला विरोध करते, म्हणून खूप लोंबणाऱ्या ॲक्सलवर दोन्ही टोकांना तेच असणे मला पटत नाही. करी एंटरप्रायझेसचा जॉनी जॉइंट हा मधला मार्ग आहे: धातूचा गोळा कडक प्लॅस्टिकसारख्या वाटीत फिरतो, त्यात ग्रीस भरता येते आणि झिजल्यावर आतले भाग बदलता येतात. धातूवर धातू घासणारे रॉड-एंड शर्यतीच्या गाडीला शोभतात. धूळ आणि चिखलात ते लवकर खडखडू लागतात. एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला गोळ्याचा जोड असलेला आर्म रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला सहसा उत्तम.

वाकवलेल्या आर्मने पोटाखाली जागा मिळते, हे खरे. पण सरळ नळी दाबाखाली जितकी टिकते तितकी वाकवलेली टिकत नाही, म्हणून तिची जाडी जास्त हवी. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: वाकलेल्या आर्मच्या दोन्ही टोकांना गोळ्याचे जोड असतील तर तो स्वतःभोवती लुडकतो आणि वर असायला हवा तो बाक खाली येतो. निदान एका टोकाला त्याला रोखणारा बुश असलाच पाहिजे.

प्रश्न : वेल्डिंग न करता नुसत्या बोल्टने बसणारे लाँग-आर्म किट मजबुतीत कमी पडते का?

उत्तर : चांगल्या रचनेचे असेल तर कमी पडत नाही. बोल्टच्या किटमध्ये आर्मचे ब्रॅकेट गिअरबॉक्सखालच्या नव्या क्रॉसमेंबरलाच (चासीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीला) जोडलेले असतात आणि भार चासीच्या दोन्ही बाजूंवर वाटला जातो. बोल्ट सैल झाले तर चासीतली छिद्रे लंबगोल होत जातात, एवढा धोका लक्षात ठेवावा. वेल्डिंगचे किट कारागिराच्या हातावर अवलंबून असते, आणि पातळ पत्र्याच्या चासीवर ब्रॅकेट थेट न डकवता मधे रुंद पट्टी घालून भार पसरवावा लागतो. टीजेची चासी आतून गंजते, विशेषतः मागच्या आर्मच्या जोडांजवळ; बाहेरून रंग शाबूत दिसतो. किट मागवण्याआधी तिथे लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पुढे जावे, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर आधी चासी दुरुस्त करावी. कोणत्याही लाँग-आर्म किटमध्ये कंपनीचे जुने ब्रॅकेट बहुधा कापावे लागतात. एकदा कापल्यावर मूळ रचनेकडे परतणे जवळपास अशक्य असते, याचा विचार कापण्याआधीच करावा.

प्रश्न : माझी जीप रँग्लर जेके (टीजेनंतरचे मॉडेल) आहे, लिफ्ट अडीच इंचांची, वापर रोजचा. लाँग-आर्म घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. २००७ ते २०१८ च्या जेकेचे मूळ आर्मच टीजेपेक्षा लांब आहेत, आणि एवढ्या उंचीला त्यांचा कोन फारसा बिघडत नाही. पुढच्या आर्मचे चासीकडचे टोक खाली आणणारे जोडब्रॅकेट बसवले आणि कॅस्टर (पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) तपासून घेतला की काम भागते. लांब आर्मने पोटाखाली नव्या अडकणाऱ्या जागा तयार होतात. चार इंचांच्या आत हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

प्रश्न : किट घरी आले आहे. बसवल्यावर काय काय तपासावे?

उत्तर : स्प्रिंग लावण्याआधी तपासावे, बसवून झाल्यावर नव्हे. चासी भक्कम स्टँडवर घ्यावी, स्प्रिंग काढलेल्या ठेवाव्यात आणि ॲक्सल जॅकने सावकाश पूर्ण वर, मग पूर्ण खाली, मग एक बाजू वर आणि एक खाली असा फिरवावा. वर जाताना शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण मिटायच्या आत बंप स्टॉप (ॲक्सलला आणखी वर जाण्यापासून थांबवणारा ठोकळा) टेकला पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉक फुटतो. खाली जाताना ब्रेकचा होज, एबीएसची तार आणि शाफ्टचे जोड पाहावेत. माझ्या पहिल्या किटच्या माहितीपत्रकात होजचा उल्लेखही नव्हता. एका बाजूचे चाक पूर्ण लोंबवले तेव्हा पुढचा होज तारेसारखा ताठ झाला होता आणि त्याच्या मुळाशी रबरावर पांढरट रेघ उमटली होती. ती रेघ वाटेवर उमटली असती तर उतारावर ब्रेक गेले असते. तेव्हापासून लांब होज किटमध्ये असोत वा नसोत, मी ते आधीच मागवतो.

टीजेच्या मागच्या शाफ्टकडे वेगळे लक्ष द्यावे. तो आखूड असल्याने त्याचा कोन लवकर वाढतो. रुबिकॉन ही आवृत्ती सोडून इतर टीजेंमध्ये ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) टोकाशी सरकता जोड असतो. चार इंचांवर तो बदलून पक्का जोड आणि वरच्या टोकाला दुहेरी सांध्याचा शाफ्ट बसवणे योग्य. असा शाफ्ट घेतल्यावर पिनियनचे (शाफ्ट ज्याला जोडतो त्या ॲक्सलमधल्या गिअरचे) तोंड जवळजवळ सरळ शाफ्टकडे वळवावे लागते, आणि त्यासाठीच मागचे वरचे आर्म लांबी बदलता येणारे हवेत. पुढे मात्र पिनियन आणि कॅस्टर एकमेकांना बांधलेले असतात: पिनियन वर केला की कॅस्टर घटतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटू लागते. तिथे कॅस्टरला मान द्यावा.

शेवटचे काम बोल्ट आवळण्याचे. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना पक्के आवळू नयेत, कारण चाके लोंबलेली असताना आवळलेला बुश गाडी खाली उतरवताच पिळलेल्या अवस्थेत अडकतो, गाडी ताठ चालते आणि रबर काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून बसू द्यावी आणि मग गाडीखाली झोपून टॉर्क पान्याने एकेक बोल्ट आवळावा. लांबी बदलणाऱ्या आर्मचे लॉक नटही त्याच वेळी आवळून त्यांवर रंगाची रेघ ओढावी. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरला आहे हे पाना न लावताच कळते.