सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, संघावर पैसाही खर्च करतात. मग किंग्जचे चाहते त्यांच्यावर एवढे चिडलेले का असतात? आणि डॉन्चिचला सोडून बॅगलीला घेणारा संघ असतो तरी कसा?

मी सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो आणि किंग्जचा चाहता आहे, त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही. दुसरं म्हणजे, मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास "अरे, तो रणदिवे आपलाच ना?" असं कौतुकाने विचारतं आणि शेजारी उभा असलेला कॉलेजातला मुलगा कपाळाला हात लावतो. दोघांचंही बरोबर आहे.

आधी ड्राफ्टबद्दल, कारण राग तिथून सुरू होतो. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. कॉलेजातून आणि परदेशातून येणारे नवे खेळाडू संघ एकेक करून निवडतात. प्लेऑफला न पोहोचलेल्या १४ संघांत लॉटरी होते आणि जो जितका वाईट खेळला, त्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता तितकी जास्त. थोडक्यात, हरणाऱ्याला मिळणारी ही नुकसानभरपाई. किंग्ज २००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफला गेले नाहीत, एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुणाचा नाही. एवढ्या वर्षांची भरपाई गेली कुठे, हा चाहत्यांचा खरा प्रश्न आहे.

पण सगळीच बिलं रणदिवे यांच्या नावावर फाडू नका. २००९ मध्ये चौथ्या क्रमांकावर टायरीक एव्हन्सला घेतलं आणि सातव्यावर स्टेफ करी, पुढे एनबीएचा महान नेमबाज ठरलेला, गोल्डन स्टेट वॉरियर्सला गेला, तेव्हा मालक होते मलूफ बंधू. २०११ मध्ये जिमर फ्रेडेटसाठी दहावा क्रमांक वापरला, अकराव्यावर क्ले थॉम्पसन आणि पंधराव्यावर कवाय लेनर्ड हे पुढचे तारे निघाले, तेही मलूफच. २०१२ ला पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, लगेच सहाव्यावर डेमियन लिलार्ड, तोही पुढचा तारा. पुन्हा मलूफ, आणि त्या रॉबिन्सनला पहिला हंगाम संपायच्या आत ह्यूस्टनला देऊनही टाकलं. ही जुनी भुतं नव्या मालकाच्या मानगुटीवर बसवण्यात अर्थ नाही. पुढे एनबीएचा मोठा तारा झालेल्या यानिस आंतेतोकुम्पोला २०१३ मध्ये का सोडलं, हेही मी विचारणार नाही. तो पंधराव्या क्रमांकावर गेला, म्हणजे १४ वेळा तो नजरेतून सुटला होता.

रणदिवे यांचा स्वतःचा खाक्या दिसला तो २०१४ मध्ये. किंग्जने त्या वर्षी ड्राफ्टच्या खोलीत कॅमेरे येऊ दिले होते. आकडेमोड करणाऱ्या लोकांकडून सल्ले मागवून निवड करायची, अशी आधुनिक कल्पना होती. तो व्हिडिओ अजून फिरतो. टेबलाभोवती सगळे बसलेत आणि मालक "स्टॉसकस? स्टॉसकस!" करत असा काही उत्साहात आहे, की खोलीतल्या बाकीच्यांचं मत काय होतं ते कळायलाच मार्ग नाही. निक स्टॉसकस, मिशिगन विद्यापीठाचा नेमबाज, आठव्या क्रमांकावर. एका हंगामानंतर किंग्जने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, आणि तेही नुसतं नाही: पगाराच्या मर्यादेत जागा करायची म्हणून सोबत आणखी दोन खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला निवडीचा एक हक्क (पिक) आणि दोन वर्षं क्रमांक अदलाबदल करायचा हक्क. ती जागा वापरून राजॉन राँडो वगैरे मंडळी आणली, राँडो एक वर्ष खेळून गेला. २०१७ मध्ये लॉटरीत किंग्जचा क्रमांक तिसरा निघाला, तर अदलाबदलीमुळे तो फिलाडेल्फियाकडे गेला, तिथून बॉस्टनकडे, आणि बॉस्टनने त्यावर जेसन टेटम हा पुढचा तारा घेतला. किंग्जला पाचव्यावर डीॲरन फॉक्स मिळाला हे नशीबच.

हे असं का होतं? माझ्या मते मूळ गोल्डन स्टेटमध्ये आहे. रणदिवे किंग्ज घेण्याआधी वॉरियर्सचे भागीदार होते. करी उमलताना त्यांनी जवळून पाहिला आणि तसाच एक करी सॅक्रामेंटोत ताबडतोब हवा, असं त्यांना वाटायला लागलं. स्टॉसकस त्याच शोधातला. २०१७ मध्ये किंग्जचा तेव्हाचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स याच्या बदल्यात न्यू ऑर्लिन्सहून बडी हील्ड आणला, तेव्हाही मालकाला त्याच्यात पुढचा करी दिसत असल्याच्या बातम्या होत्या. हील्ड चांगला नेमबाज आहे, पण करी असा मागवून मिळत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

त्यात स्वतःच्या बास्केटबॉलबद्दल कल्पना. रणदिवे यांनी मुलीच्या शाळकरी संघाला पूर्ण मैदानभर दबाव टाकून खेळायला शिकवलं होतं आणि त्या मुली स्वतःपेक्षा सरस संघांना हरवत होत्या, ही गोष्ट अमेरिकेत प्रसिद्ध आहे. पुढे किंग्जचे मालक झाल्यावर, चार जणांनीच बचाव करावा आणि पाचव्याने समोरच्या बास्केटखाली थांबावं, असं त्यांनी सुचवल्याच्या बातम्या आल्या. बारा वर्षांच्या पोरींच्या सामन्यात ते चालून जातं. लेब्रॉनसमोर पाचाऐवजी चार उभे करा, मग बघा.

प्रत्यक्ष नुकसान मात्र कल्पनांनी नाही, क्रमाने केलं. २०१३ मध्ये आधी कोच नेमला, माइक मेलोन, आणि त्यानंतर जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा कारभारी. म्हणजे साहेब रुजू होण्याआधीच त्यांचा मुख्य माणूस ठरलेला. मेलोनच्या हाताखाली संघ २०१४ च्या हंगामाला बरा खेळत होता. कझिन्सला व्हायरल मेनिंजायटिस झाला, तो बाहेर असताना संघ हरायला लागला आणि ११ विजय, १३ पराभव असताना मेलोनला काढलं. तोच मेलोन २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद देऊन बसला. त्याच्या जागी हंगामी कोच, मग जॉर्ज कार्ल. मग व्लादे दिवात्स कारभार बघायला आले, तर कार्ल आधीच खुर्चीत. कार्ल कझिन्सला विकायला निघालेत अशी कुणकुण लागली आणि कझिन्सने गवतातल्या सापाचं चित्र ट्विटरवर टाकलं. रणदिवे यांच्या पहिल्या बारा वर्षांत हंगामी धरून आठ कोच झाले आणि जनरल मॅनेजर चार. दर नव्या माणसाला वाटतं, आपल्याला दोनच वर्षं आहेत. दोन वर्षांत नोकरी टिकवायची असेल, तर एकोणीस वर्षांच्या पोराला वाढवत कोण बसेल?

२०१६ ला तेराव्या क्रमांकावर ग्रीसचा जॉर्जिओस पापायानिस घेतला, तेव्हा संघात कझिन्स, कॉली-स्टाइन आणि कूफोस असे तीन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, आधीच होते. त्या रात्री कझिन्सने देवाकडे बळ मागणारं ट्विट केलं आणि नंतर, ते योगासनांबद्दल होतं, असं सांगितलं! दीड वर्षात पापायानिसला सोडून दिलं.

आणि २०१८. त्या वर्षी लॉटरीत किंग्जचा क्रमांक सातवा असायला हवा होता, उडी मारून दुसरा आला. तोंडात आयता घास. लुका डॉन्चिच तेव्हा १९ वर्षांचा. रेआल माद्रिदसोबत युरोलीग जिंकून त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याच्या आदल्या वर्षी स्लोव्हेनियाबरोबर युरोपचं अजिंक्यपद. म्हणजे हा कुणी झाकलेला हिरा नव्हता, मोठ्यांच्या मैदानावर सिद्ध झालेला खेळाडू होता. निवडणारे दिवात्स स्वतः सर्बियाचे, युरोपचं बास्केटबॉल कोळून प्यायलेले, २००२ च्या त्या लाडक्या किंग्जचे सेंटर. आणि त्यांनी ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली घेतला. फॉक्स असताना चेंडू हातात ठेवणारा दुसरा कशाला, हा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत होता. आदल्या हंगामात २७ सामने जिंकलेल्या संघाने 'जागा नाही' म्हणणं, यावर मी काही बोलत नाही. बॅगली वाईट खेळाडू नव्हता, सारखा जखमी होत राहिला. त्या पोरावर राग काढण्यात काही हशील नाही. चाहत्यांना जे झोंबतं ते हे, की इथे नशीब, माहिती आणि जाणकार माणूस तिन्ही हाताशी होतं. तरीही.

आता दुसरी बाजू, कारण मालकांना नुसता खलनायक केलं की उत्तर खोटं होतं. २०१३ मध्ये हा संघ सिअॅटलला जायला निघाला होता. मलूफ बंधूंनी सौदा केलाच होता. तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळलेले, त्यांनी धावाधाव करून खरेदीदार उभे केले. एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं आणि रणदिवे यांच्या गटाने सुमारे ५३ कोटी डॉलर मूल्यांकनाला संघ घेतला. ते पुढे आले नसते, तर आज हा प्रश्न विचारायला संघच नसता. २०१६ मध्ये ऐन शहरात गोल्डन वन सेंटर उभं राहिलं. अर्थात त्यात सॅक्रामेंटोच्या नागरिकांचेही २५ कोटींहून जास्त डॉलर आहेत, आणि 'आमच्या पैशाने' हा सूर तिथून येतो. २०१८ च्या मार्चमध्ये स्टेफन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि निदर्शकांनी स्टेडियमची दारं अडवली. जेमतेम काही हजार लोक आत होते. सामना झाल्यावर रणदिवे कोर्टवर खेळाडूंसोबत उभे राहिले आणि निदर्शकांच्या बाजूने बोलले. त्यांच्यावर कडाडून टीका करणारेही त्या रात्रीबद्दल आदरानेच बोलतात.

भारताशी नातंही नुसतं तोंडदेखलं नाही. भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू सिम भुल्लर २०१५ मध्ये किंग्जकडूनच उतरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचे. जुहूत वाढलेल्या माणसाने आपला संघ वरळीला नेला. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले, हे सांगायची गरज आहे का?

मधे दोन-तीन वर्षं चांगली गेली, आणि कशामुळे ते बघण्यासारखं आहे. २०२० मध्ये दिवात्स गेले, माँटे मॅकनेअर आले. पहिल्याच ड्राफ्टमध्ये टायरीस हॅलिबर्टन बाराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि मॅकनेअरनी त्याला निमूट उचलला. मालकाचा व्हिडिओ नाही, काही नाही. २०२२ मध्ये त्यालाच इंडियानाला देऊन डोमांटस सबोनिस आणला. हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीत नेल्यावर ही ट्रेडही चुकांच्या यादीत घालतात, मला ते पटत नाही. २०२२-२३ मध्ये माइक ब्राउनच्या हाताखाली ४८ सामने जिंकले, दुष्काळ संपला, ब्राउन एकमताने वर्षातला सर्वोत्तम कोच. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सुटायचा आणि गाडी चालवताना दुरूनच निकाल कळायचा. प्लेऑफच्या सातव्या सामन्यात आमच्याच घरात ५० गुण ठोकून आम्हाला बाहेर कुणी काढलं? स्टेफ करीने.

पुढचं वर्ष ४६ विजयांचं. जून २०२४ मध्ये ब्राउनचा करार वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्याला काढलं, म्हणजे सात महिन्यांच्या आतच. तेव्हा डेन्व्हरला असलेल्या मेलोनने यावरून किंग्जला जाहीरपणे सुनावलं. फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. बदल्यात आला झॅक लव्हीन, ज्याला २०१४ मध्ये स्टॉसकससाठी सोडलं होतं. अकरा वर्षं उशिरा, वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर पगारावर, त्याच्यासोबत शिकागोत खेळून फार काही न जमलेला डेरोझन आधीच संघात. एप्रिलमध्ये मॅकनेअरही गेले.

'संघ विकून टाका' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मलूफ पैसे संपले म्हणून विकायला तयार झाले. इथे ती वेळ नाही. संघाची किंमत तेव्हाच्या कित्येक पट झाली आहे, आणि एनबीएत हरत राहिला म्हणून संघ खालच्या लीगमध्ये जात नाही. मागणी करायचीच तर ही करा, की जनरल मॅनेजर स्कॉट पेरी यांना पाच ड्राफ्ट करू द्या. त्यांनी २०२५ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर निक क्लिफर्ड आणि बेचाळिसाव्यावर मॅक्सिम रेनो घेतला. दोन्ही निवडी आवाज न करता झाल्या. या दोघांना तिशी ओलांडलेल्या एखाद्या नामवंतासाठी विकलं नाही, तर रणदिवेंबद्दलचं माझं पुढचं उत्तर यापेक्षा सौम्य असेल.