बीकॉमच्या वर्गात एआय शिकवणार असाल तर

मॅडम, तासिका तत्त्वावर रुजू होताय आणि पहिल्याच वर्षी हा विषय गळ्यात पडलाय, म्हणून सांगतो. 'एआय म्हणजे काय' यात दोन आठवडे घालवू नका. पोरं चॅटजीपीटी कधीपासूनच वापरतायत.

त्यापेक्षा किराणा दुकानाचं एक बिल वर्गात न्या. साजूक तुपावर जीएसटी किती, ते एआयला विचारू द्या, पण इंटरनेटवरचा शोध बंद ठेवून. 22 सप्टेंबर 2025 पासून हा दर 12 वरून 5 टक्के झाला. त्याआधीच्या माहितीवर शिकलेलं मॉडेल 12 सांगण्याची शक्यता जास्त, तेही छातीठोकपणे. मग मूळ अधिसूचना शोधायला लावा. तारीख, एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूचा ठरलेला क्रमांक, तुपाचा 0405), दर, सगळं वहीत. गुण उत्तराला द्यायचे नाहीत, पडताळणीला द्यायचे. उद्या सीएच्या ऑफिसात नोंदी सॉफ्टवेअर करेल, पण चुकीच्या रिटर्नची नोटीस माणसालाच येईल.

प्रोग्रॅमिंगची धास्ती घेऊ नका. एक्सेल मात्र पक्कं करून घ्या, ते भल्याभल्यांचं कच्चं असतं. ज्याला गोडी लागेल त्याला 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) कोर्स सुचवा. शिकणं फुकट, फी फक्त परीक्षेला. श्रेयांक धरले जातील का, ते आधी परीक्षा विभागात विचारा, नाहीतर पोरं ऐनवेळी तुम्हालाच धरतील.

आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंट बंदच करा. सगळ्या एका छापाच्या येतात. तोंडी विचारा. मोठ्या वर्गाला वेळ पुरत नाही, कबूल. मी दोघादोघांना एकत्र बोलावतो.