रंग परत आला, आता मलम बंद करू नका

कोडाचा डाग भरला की मलमाची ट्यूब कपाटात जाते, आणि घोटाळा तिथेच होतो. रंग परतला तरी रंगपेशींवर हल्ला करणाऱ्या काही टी-पेशी (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) त्याच जागी दबा धरून बसलेल्या असतात. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे 40 टक्के डाग पुन्हा पांढरे पडू लागतात.

म्हणून डॉक्टरांना देखभालीच्या मात्रेबद्दल विचारा. मोठ्यांसाठी अभ्यासलेली पद्धत अशी: टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्तीचा हा हल्ला शमवणारं, स्टेरॉइड नसलेलं मलम) 0.1 टक्के, आठवड्यातून दोनदा, किमान सहा महिने. सोमवार-गुरुवार असे वार ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही. मलम डाग भरला त्या सगळ्या जागेवर लावायचं, फक्त कडेला नाही. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. अंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओलसर त्वचेवर जास्त चुरचुरतं. सुरुवातीची जळजळ बहुधा काही दिवसांत कमी होते. त्या जागेला उन्हापासून जपा.

देखभालीसाठी स्टेरॉइडचं मलम मनानं दुकानातून आणू नका. त्वचा पातळ होते.

परकराची नाडी किंवा घड्याळाचा पट्टा काचतो तिथे डाग उठू शकतो, तेव्हा सैल बांधा. चिकट टिकलीच्या गोंदानंही कपाळाचा रंग जाऊ शकतो. कुंकू लावायचं तर तेही खाज न येणारं हवं.

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा. भरलेल्या जागेत फिकट ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.