‘निष्क्रिय धूम्रपान’ म्हणावं का?

प्रश्न असा: हृदयविकारावरच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘पॅसिव्ह स्मोकिंग’साठी, म्हणजे दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर नाइलाजाने श्वासात जाण्यासाठी, निष्क्रिय, अप्रत्यक्ष आणि परोक्ष धूम्रपान असे तीन पर्याय सापडले. कोणता घ्यावा?

‘परोक्ष’ आधी बाद करा. ‘माझ्या परोक्ष’ म्हणजे माझ्या माघारी. ‘परोक्ष धूम्रपान’ वाचून घरच्यांची नजर चुकवून गच्चीवर ओढलेली सिगरेट डोळ्यांपुढे येते. इथला धूर तर समक्षच सोडलेला असतो!

‘निष्क्रिय’ला निदान वंशावळ आहे. फ्रिट्झ लिकिंट या जर्मन डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ‘पासिवराउखेन’ हा शब्द वापरला होता, आणि हा त्याचा शब्दशः अवतार. पण मराठीत निष्क्रिय म्हणजे थंड पडलेला, काही न करणारा. विशेषण धूम्रपानाला चिकटलं की धूरही निरुपद्रवी वाटू लागतो. निष्क्रिय असतो तो शेजारी बसलेला माणूस, धूर नव्हे. अर्धा तास असा धूर घेतला तरी, कधीही न ओढणाऱ्या निरोगी माणसाच्या हृदयाच्या धमन्यांची गरजेप्रमाणे रुंदावण्याची क्षमता घटते, कारण धमनीच्या आतल्या अस्तराचं काम बिघडतं आणि तिला सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात, त्यामुळे गुठळी धरायला वाव मिळतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, तो वेगळाच. धुरातली द्रव्यं फुप्फुसांतून थेट रक्तात जातात, म्हणून ‘अप्रत्यक्ष’ही नेमका नाही. तरी तो रुळला आहे, मथळ्यात चालेल.

कुणी ‘सेकंडहँड धूर’ सुचवेल. तो सगळ्यांत फसवा. सेकंडहँड गाडी म्हणजे एकाने वापरून झालेली, तसा हा धूर कुणीतरी ओढून, गाळून सोडलेला वाटतो. प्रत्यक्षात खोलीतल्या अशा धुरापैकी सुमारे ८५ टक्के धूर सिगरेटच्या जळत्या टोकातून सरळ हवेत आलेला असतो. तो ना फिल्टरमधून गेलेला, ना कुणाच्या छातीतून. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात टोक कमी तापमानाला धुमसतं, ज्वलन अपुरं होतं, आणि कितीतरी विषारी द्रव्यं ओढलेल्या धुरापेक्षा यात जास्त असतात. कोऱ्या मालाला जुना म्हणण्यासारखं झालं हे.

मूळ अडचण ‘पान’ या शब्दात आहे. पान करणाऱ्याला करायचं असतं म्हणून तो करतो. इथे तशी इच्छाच नाही. ‘पॅसिव्ह’ला जे सांगायचंय ते मराठी क्रियापद बिनबोभाट सांगतं: धूर घ्यावा लागतो. त्या ‘लागतो’त सगळी सक्ती आली. म्हणून मजकुरात ‘दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर’ असं सरळ लिहावं. (पडद्यांना, गादीला बसलेल्या धुराच्या अंशाची गोष्ट निराळी, त्याला ‘बसलेला धूर’ पुरे.)

वाक्य असं करता येईल: ‘स्वतः न ओढणाऱ्या, पण घरी किंवा कामाच्या जागी दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर घ्यावा लागणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.’ यातलं ‘टक्क्यांनी’ जपा. ‘धोका २५ टक्के असतो’ असं लिहिलंत तर शंभरांतल्या पंचवीस जणांना विकार होतो, असा भलताच अर्थ निघेल. ‘टक्क्यांनी’चा अर्थ एवढाच: समजा शंभरांत चौघांना होणार होता, तर आता पाच जणांना होईल. पक्षाघाताचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, तिथेही हेच.

जाता जाता: ‘धुम्रपान’ नको, धू दीर्घ. संस्कृतात धूर म्हणजे ‘धूम’, आणि ‘धूम्र’ म्हणजे धुरकट रंगाचा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘धूमपान’च आहे. पण मराठीत ‘धूम्रपान’ इतका पक्का बसलाय की तो सुधारायला जाऊ नये.