तिकिटाआधी रक्ताची तारीख

प्रश्न : माझ्या यजमानांची बदली जर्मनीत म्युनिकला झाली असून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघण्याचा आमचा विचार आहे. आमचा बंड्या हा चार वर्षांचा देशी कुत्रा असून त्याचे वजन १९ किलो आहे. त्याला रेबीजची लस दरवर्षी दिली आहे, शेवटची जूनमध्ये. महानगरपालिकेचा परवानाही आहे. मायक्रोचिप मात्र बसवलेली नाही. ती निघण्याच्या आठवड्यात बसवली तर चालेल का? विमानात तो आमच्याजवळ राहू शकेल का? सासूबाईंचे म्हणणे आहे की त्याला झोपेची गोळी देऊन न्यावे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नोव्हेंबर साधणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिकिटाचे पैसे अडकणार नाहीत. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम मोडून चालत नाही. जूनमध्ये दिलेली लस बंड्याच्या शरीरात काम करत असली तरी प्रवासासाठी ती धरली जाणार नाही, कारण ती याच कुत्र्याला टोचली हे पटवणारा क्रमांक त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी पंधरा अंकी चिप बसवून घ्यावी आणि त्यानंतर लस पुन्हा टोचून घ्यावी. दोन्ही एकाच भेटीत होते.

खरी प्रतीक्षा त्यानंतर सुरू होते. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडे पुरेशी आहेत, हे तपासणीने दाखवावे लागते. पशुवैद्यक याला टायटर टेस्ट म्हणतात. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे आणि पातळी दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली, तर रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. अहवाल हाती आल्यापासून नव्हे, रक्त घेतल्यापासून. इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. ही तीन महिन्यांची अट उगाच नाही. लशीच्या आधीच लागण झाली असेल, तर तिची लक्षणे बहुधा या काळात दिसून येतात. आता आपण मोजू या. चिप आणि लस १ सप्टेंबरला झाली, तर रक्त १ ऑक्टोबरच्या आधी घेता येत नाही आणि बंड्या १ जानेवारीच्या आधी जर्मनीत उतरू शकत नाही. बंड्याच्या बाजूने एक गोष्ट आहे : आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या कुत्र्याची पातळी कधी कधी कमी भरते, पण दरवर्षी लस घेतलेल्याची सहसा भरते.

यजमानांना नोव्हेंबरमध्ये रुजू होणे भाग असेल, तर त्यांनी पुढे जावे. मात्र परवाना आणि लसीकरणाची पुस्तिका कोणाच्या नावावर आहे, ते आजच पाहावे. घरचा प्राणी म्हणून नेताना मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत पाच दिवसांहून अधिक अंतर असू नये, असा नियम आहे. मालक म्हणून यजमानांचे नाव असेल आणि ते दोन महिने आधीच गेले असतील, तर बंड्या व्यापारी मालाच्या कठोर नियमांखाली येतो. म्हणून मालकी आपल्या नावावर असावी आणि जानेवारीत त्याच्याबरोबर आपण जावे, हे मला सर्वांत सोपे वाटते.

शेवटच्या टप्प्यात पुण्यात काम होत नाही. पशु संगरोध आणि प्रमाणन सेवा, म्हणजे सर्वजण जिला एक्यूसीएस म्हणतात, तिचे आपल्याला जवळचे केंद्र मुंबईत आहे. युरोपीय संघाच्या नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्यानिशी लागते आणि ते जर्मनीत पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलेच असावे लागते. त्या दहा दिवसांत शनिवार, रविवार आणि सुट्ट्याही येतात, याचे भान ठेवावे. मुंबईला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे चिप वाचून घ्यावी आणि यंत्रावरचा क्रमांक पुस्तिकेतल्या क्रमांकाशी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहावा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या पुस्तिकेत ६ च्या जागी ८ लिहिला गेला होता आणि पाच महिन्यांची तयारी त्या एका अंकापाशी अडून बसली होती.

१९ किलोचा कुत्रा प्रवाशांच्या कक्षात नेता येत नाही. लुफ्थान्सासारख्या कंपनीची मर्यादा पिंजऱ्यासह आठ किलोंची आहे. बंड्या विमानाच्या पोटातील हवेचा दाब आणि तापमान राखलेल्या भागात जाईल. त्याचा क्रेट असा हवा की त्यात त्याला ताठ उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. तो आजच आणावा, दार काढून दिवाणखान्यात ठेवावा आणि रोजचे जेवण त्यातच द्यावे. चार महिन्यांचा वेळ हातात आहे तो यासाठी वापरावा. पुढे तो आपण होऊन दुपारची झोप तिथे काढू लागेल. सासूबाईंची काळजी समजते, पण गोळी देऊ नये. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सावरत नाही, तोल जातो आणि त्या वेळी जवळ पाहणारे कोणी नसते. गुंगीतला कुत्रा विमान कंपन्या स्वीकारतही नाहीत.

म्युनिकला पोहोचल्यावर कुत्र्यावरचा वार्षिक कर भरावा लागेल. तो तिथली पालिका घेते आणि आपल्या परवाना शुल्कापेक्षा बराच जास्त असतो.

प्रश्न : मुलगी एक वर्षाच्या शिक्षणासाठी लंडनला जात आहे आणि तिला तिचा पग बरोबर हवा आहे. न्यावा का?
— एक वाचक, औंध

उत्तर : माझ्या मते नेऊ नये. टायटर टेस्ट आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा ब्रिटनसाठीही आहेच. शिवाय पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचे औषध पशुवैद्यकाच्या हातून द्यावे लागते. विमानाने ब्रिटनमध्ये शिरणारा पाळीव कुत्रा कार्गोनेच यावा लागतो आणि आखूड नाकाच्या पगला श्वासाचा त्रास होत असल्याने अनेक कंपन्या त्याला तसा नेत नाहीत. काही जण युरोपात उतरून पुढे मोटारीने, खाडीखालच्या बोगद्यातून जातात. पण त्यासाठी युरोपीय संघाची कागदपत्रेही वेगळी करावी लागतात. वर्षभराने परत आणताना एक्यूसीएसची परवानगी आधीच घ्यावी लागते, ते वेगळेच. वर्षभर त्याला आपल्याकडेच ठेवावे आणि संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलला समोर बसवावे.